भिंत ओळंब्यात आहे का? पहिल्यांदा घर बांधणाऱ्यांसाठी

घर बांधायला काढलं की नवख्या मालकाचं सगळं लक्ष सिमेंट कुठल्या कंपनीचं आणि सळई किती मिलिमीटरची याकडे असतं. भिंत सरळ उभी राहतेय का, हे तो लांबून एक डोळा मिटून बघतो आणि 'ठीक वाटतंय' म्हणतो. या कामात डोळा अजिबात भरवशाचा नाही. शेजारची भिंत कललेली असेल, समोरचा विजेचा खांब वाकलेला असेल किंवा प्लॉटच उताराचा असेल, तर सरळ भिंत वाकडी दिसते आणि वाकडी सरळ. अनुभवी गवंडीसुद्धा डोळ्यावर काम सोडत नाही, ओळंबा लावतो. तो लावायला आणि त्याचं म्हणणं वाचायला शिकायला अर्धा तास पुरतो. पुढे गिलाव्याचा वाढलेला खर्च, आपोआप उघडणारं दार, कोपऱ्यात तिरपी कापावी लागलेली टाइल यांतलं बरंचसं इथेच अडवता येतं.

आधी हत्यार

हार्डवेअरच्या दुकानात 'गवंडी ओळंबा' मागा. लोखंडी किंवा पितळी वजन, त्याला दोरी, आणि दोरीवर वरखाली सरकणारा एक ठोकळा असं ते मिळतं. या ठोकळ्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात, पण खरी गंमत त्याच्यातच आहे. ठोकळ्याची रुंदी आणि वजनाचा व्यास अगदी सारखा असतो. ठोकळा वर भिंतीला टेकवला आणि वजन खाली सोडलं, की भिंत सरळ असेल तर वजन भिंतीला जेमतेम शिवतं.

म्हणून दुकानातच दोन गोष्टी बघून घ्या. ठोकळा आणि वजन सपाट काउंटरवर शेजारी आडवं ठेवून उंची सारखी आहे का ते पाहा. मग दोरी धरून वजन स्वतःभोवती फिरवा. फिरताना ते डुगडुगलं, तर दोरीचं भोक मध्यावर नाही, दुसरं घ्या. दोन मिलिमीटरची चूक हत्यारातच असली तर पुढचं सगळं मोजमाप वाया. पाव किलोपेक्षा हलकं वजन घेऊ नका, वाऱ्याने नाचत राहतं. सोबत मिळणारी जाड सुती दोरी मी तरी काढून टाकायला सांगेन. नायलॉनची बारीक दोरी घाला, वाचन नेमकं येतं.

याशिवाय एक स्टीलची पट्टी किंवा मेजरटेप, एक खिळा, हातभर लाकडी पट्टी, पाण्याची बादली आणि पेन्सिल. पाणसळ (बुडबुड्याची स्पिरिट लेव्हल) असेल तर उत्तम, पण ती वापरण्याआधी तिचीही परीक्षा घ्या. पाणसळ भिंतीला उभी लावून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहा. मग वरचं टोक वरच ठेवून, पाणसळीची दुसरी कड भिंतीला येईल अशी फिरवून त्याच जागी लावा. बुडबुडा आता भिंतीच्या हिशोबाने उलट्या दिशेला गेला, तर दोष भिंतीत नसून पाणसळीत आहे.

मोबाइलमधल्या लेव्हलच्या अ‍ॅपबद्दल हमखास विचारलं जातं. फ्रेम टांगायला ते चालेल. भिंतीला नाही. ०.१ अंशाचा फरक तीन मीटर उंचीवर पाच मिलिमीटर होतो, आणि कव्हर चढवलेला, कॅमेऱ्याचा उंचवटा असलेला फोन भिंतीला किती सपाट टेकतो हा वेगळाच प्रश्न.

प्रत्यक्ष मोजणी

गवंडी ठोकळा टेकवून मोजतो, कारण त्याला झटपट काम उरकायचं असतं आणि त्याचा हात बसलेला असतो. नवख्या माणसाला त्यात एक अडचण येते. भिंतीचा खालचा भाग पुढे आलेला असेल तर वजन भिंतीवर रेलतं, दोरी मोकळी राहत नाही आणि नेमकं किती चुकलंय ते कळत नाही. म्हणून पहिले काही वेळा अशी मोजणी करा.

भिंतीच्या वरच्या टोकाला लाकडी पट्टी आडवी, भिंतीच्या बाहेर वीतभर येईल अशी धरा किंवा खिळ्याने बसवा. भिंतीपासून बरोबर १०० मिलिमीटरवर पट्टीला खाच करून त्यातून दोरी सोडा. वजन जमिनीपासून चार बोटं वर राहू द्या. ते आता झुलत राहील. तीन मीटर लांब दोरीचा एक झोका पूर्ण व्हायला साधारण साडेतीन सेकंद लागतात, आणि उघड्यावर तो पटकन थांबत नाही. हाताने थांबवायला जाऊ नका, बादलीभर पाण्यात वजन बुडवा. पाणी झोका मारून टाकतं. वजन बादलीच्या काठाला किंवा तळाला मात्र टेकता कामा नये.

मग भिंत ते दोरी हे अंतर तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. दोरीची एकच कड धरून मोजा, एकदा अलीकडची आणि एकदा पलीकडची असं नको. विटेच्या मधोमध पट्टी टेकवा, सांध्यातल्या मालावर, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणावर नको.

आकडे कसे वाचायचे? १००, १००, १०० आले तर गवंड्याला शाबासकी द्या. १००, १०३, १०६ आले तर खालची भिंत दोरीपासून लांब आहे, म्हणजे भिंत वर तुमच्या अंगावर सहा मिलिमीटर आली आहे. १००, ९७, ९४ म्हणजे ती तुमच्यापासून पलीकडे कलली आहे. १००, ९३, १०० आले तर वर आणि खाली सगळं बरोबर, पण मध्ये भिंत फुगली आहे. हा शेवटचा प्रकार फसवा. ठोकळा टेकवून फक्त वर-खाली बघणाऱ्याच्या तो लक्षातच येत नाही.

हेच मोजमाप भिंतीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशा तीन जागी घ्या. एक टोक एकीकडे आणि दुसरं दुसरीकडे झुकलेलं असेल तर भिंत पिळलेली आहे, आणि पिळलेल्या भिंतीवर टाइल लावणारा तुमच्या नावाने खडे फोडणार हे नक्की.

किती चालतं

विटांच्या बांधकामाचं भारतीय मानक, आयएस २२१२, एका मजल्यात दर तीन मीटर उंचीला सहा मिलिमीटरपर्यंतचा फरक मान्य करतं, आणि एकापेक्षा जास्त मजल्यांच्या इमारतीत भिंतीच्या पूर्ण उंचीत साडेबारा मिलिमीटर. साइटवर मात्र मिलिमीटर कोणी बोलत नाही, सूत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला थोडं जास्त. तेव्हा 'दहा फुटांत दोन सूत' एवढं पाठ केलं तरी पुरे. त्यापलीकडे गेलं की बोलायचं.

बोलायचं कसं, हेही सांगायला हवं. मालक स्वतःचा ओळंबा घेऊन आला की मिस्त्रीला तो अपमान वाटू शकतो. 'मिस्त्री, हा कोपरा एकदा सोबत बघू या का? दोरी तुम्हीच धरा,' असं म्हटलं तर बहुतेक वेळा तोच पुढे होऊन चूक दाखवतो. आकडा दोघांनी मिळून वाचला की वाद उरत नाही. आणि हे काम सुरू असताना करा, भिंत स्लॅबला भिडल्यावर नव्हे. विटांचे तीन-चार थर झाले की कोपऱ्यांना एकदा ओळंबा, मग कमरेच्या उंचीला, मग दिवस संपताना. एका दिवसात भिंत फार उंच चढवू नये असं म्हणतात, त्याचं एक कारण हेही आहे: खालचा माल ओला असताना वर वजन वाढलं की भिंत बसते आणि कलते.

चूक सापडली आणि माल अजून ओला असेल तर थर काढून परत लावता येतो. माल धरल्यावर मात्र विटेला थापीच्या दांड्याने ठोकून जागेवर आणू देऊ नका. वीट सरकते पण मालाशी पकड सुटते, आणि वरून काहीच दिसत नाही. त्यापेक्षा वाकडी वीट परवडली.

'गिलाव्यात काढून देतो' हे वाक्य ऐकू आलं तर हिशोब करून बघा. दहा फूट बाय दहा फुटांची भिंत वरपासून खालपर्यंत वीस मिलिमीटर चुकली आहे. ती सरळ दाखवायला सरासरी दहा मिलिमीटर जादा गिलावा लागतो. म्हणजे पावणेदोनशे किलोंच्या आसपास जास्तीचा माल, आणि सिमेंट-वाळूचं एकास चार प्रमाण धरलं तर त्यात पाऊण गोणीच्या जवळपास सिमेंट. भिंतीला दोन बाजू असतात, तेव्हा हे दुप्पट. एका बाजूला तो वर जाड होणार, दुसऱ्या बाजूला खाली. जाड गिलावा एका हातात चढवला तर सुटून येतो, म्हणून दोन थर, म्हणजे मजुरीही वाढली.

चौकट: इथे दोनदा बघा

दाराच्या चौकटीला दोन उभ्या बाजू असतात आणि प्रत्येकीला दोन दिशांनी ओळंबा लावावा लागतो: एकदा समोरून, एकदा बाजूने. नवखा माणूस समोरून बघतो आणि मोकळा होतो. चौकट भिंतीच्या पातळीतून आत किंवा बाहेर झुकलेली असली तर ते समोरून कळणारच नाही.

बिजागरीची बाजू जास्त महत्त्वाची. तिचा वरचा भाग खोलीच्या आत झुकला असेल तर दार आपोआप आत सरकतं, बाहेर झुकला असेल तर बाहेर. दार नेहमी सगळ्यात खाली जाता येईल अशी जागा शोधतं. जिथे सोडलं तिथेच थांबलं तर समजा बिजागरीची रेघ सरळ उभी आहे. जुन्या घरातही ही परीक्षा करता येते, ओळंबा न लावता.

चौकटीचे दोन कर्ण मोजायला विसरू नका, पण कर्ण सारखे आले म्हणून निर्धास्त होऊ नका. कर्ण सारखे असणं म्हणजे कोपरे काटकोनात आहेत एवढंच. ती काटकोनी चौकट आख्खीच्या आख्खी तिरपी बसलेली असू शकते. कर्ण आणि ओळंबा, दोन्ही हवेत. शिवाय चौकट बसवून आजूबाजूला वीटकाम चढवताना ती रेटली जाते, म्हणून आधारासाठी लावलेल्या तिरक्या फळ्या लवकर काढू देऊ नका आणि मधे एकदा परत बघा.

कॉलम

सेंट्रिंगवाले कॉलमची पेटी उभी करतात तेव्हा शेजारच्या दोन बाजूंना ओळंबा लावून घ्या. समोरासमोरच्या दोन बाजू तपासण्यात अर्थ नाही, त्या एकच गोष्ट दोनदा सांगतात. काँक्रीट ओतायच्या आधी बघणं सगळेच करतात. ओतून, व्हायब्रेटर फिरवून झाल्यावर लगेच पुन्हा बघणं फार थोडे करतात, आणि पेटी सरकते ती नेमकी तेव्हाच. त्या क्षणी टेकूची पाचर ठोकून ती जागेवर आणता येते. दुसऱ्या दिवशी पेटी काढल्यावर कॉलम कललेला दिसला, तर तो छिन्नीने फोडून सरळ 'दिसेल' असा करू देऊ नका. आतली सळई तिरपीच राहणार आणि तिच्यावरचं काँक्रीटचं पांघरूण एका बाजूला उघडं पडणार. अशा वेळी तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, ठेकेदाराच्या शब्दावर पुढे जाऊ नका.

दुसरा मजला चढताना पहिल्या मजल्याच्या कॉलमवर दुसरा नेमका बसतोय का, हे बाहेरच्या कोपऱ्यावरून लांब दोरी सोडून बघा. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. उंच इमारतींत दोरी पुरत नाही. तिथे प्रत्येक स्लॅबमध्ये एकाखाली एक चौकोनी भोकं सोडतात आणि त्यातून लेसरचा किरण वर पाठवतात. तिथेही सकाळचीच वेळ बरी, कारण उन्हाने एक बाजू तापली की उंच इमारत किंचित दुसरीकडे वाकते. लिफ्ट बसवणारे तर आजही डक्टमध्ये वरून तारा सोडूनच रूळ लावतात. घरात पुढेमागे लिफ्टचा विचार असेल तर तो डक्ट सगळ्या मजल्यांवरून एका दोरीत तपासून घ्या, एकेक मजला सुटा नको. प्रत्येक मजला दोन सुतांच्या आत असूनही चार मजल्यांत चूक साठत जाते.

दोरी नेमकी कुठे बघते

थोडं विषयांतर. ओळंबा 'पृथ्वीच्या केंद्राकडे' रोखलेला असतो असं शाळेत सांगतात. ते जवळपासच खरं आहे. पृथ्वी फिरते आणि मध्यावर फुगीर आहे, त्यामुळे आपल्याकडे मुंबईच्या अक्षांशावर दोरी केंद्रापासून ०.१ अंशाच्या आसपास चुकते. साठलेल्या पाण्याच्या पृष्ठभागाशी मात्र ती काटकोनातच राहते, आणि घराला तेच हवं असतं.

दोन ओळंबे एकमेकांना समांतर नसतात, ही त्याहून मजेची गोष्ट. मुंबईची दोरी आणि पुण्याची दोरी यांच्यात साधारण एक अंशाचा फरक आहे. १९६४ साली खुल्या झालेल्या न्यूयॉर्कच्या व्हेराझानो नॅरोज पुलाचे दोन मनोरे आपापल्या जागी अगदी सरळ उभे आहेत, तरी त्यांची डोकी पायांपेक्षा सुमारे ४१ मिलिमीटर लांब आहेत. पृथ्वीच्या गोलाईमुळे.

आणि दोरी आजूबाजूच्या वस्तुमानानेही ओढली जाते. एकोणिसाव्या शतकात भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी चालली होती, तेव्हा उत्तरेतलं कलियाणा आणि मध्य भारतात सिरोंजजवळचं कलियाणपूर यांच्यातलं अक्षांशाचं अंतर जमिनीवर मोजून एक आलं आणि ताऱ्यांवरून दुसरं. फरक ५.२३६ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ताऱ्यांवरून मोजताना 'उभं' म्हणजे काय हे ओळंबाच ठरवत होता, आणि त्याला हिमालय आपल्याकडे खेचत होता. कलकत्त्याचे आर्चडीकन (चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी) जॉन प्रॅट यांनी १८५५ साली हिमालयाच्या ओढीचं गणित मांडलं, तर फरक जवळजवळ तिप्पट यायला हवा होता. पर्वत दिसतो तेवढा जड का नाही, या प्रश्नातून पर्वतांना खाली हलक्या खडकांचं मूळ असतं हा विचार पुढे आला. तुमच्या भिंतीला यातलं काही लागत नाही. पाच विकला म्हणजे तीन मीटरला मिलिमीटरचा दहावा भागही नाही. वारा आणि झोका एवढेच तुमचे शत्रू.

ओळंब्याची एक फुकट परीक्षाही आपल्याकडे होते. महाराष्ट्रात मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, प्रत्येक गावाचा वेगळा, मुंबईत मेच्या मध्यावर. त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असताना सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरते. जुलैमध्ये ढगांमुळे ती संधी बहुधा हुकते, म्हणून मे महिना धरा. मुलांना कॉलमपाशी नेऊन दाखवायला छान. मोजमापासाठी नाही, कारण सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचं आहे.

जिथे ओळंबा लावून भांडू नये

सगळंच उभं असायला हवं असं नाही. माती अडवणारी दगडी भिंत मुद्दाम आतल्या बाजूला, मातीकडे कललेली बांधतात, म्हणजे मागचा रेटा पेलता येतो. कोकणातल्या उताराच्या प्लॉटवर किंवा घाटात अशी भिंत बांधून घेत असाल आणि ती ओळंब्याबाहेर दिसली, तर आधी इंजिनिअरच्या नकाशात उतार दिलाय का ते बघा. जुन्या मातीच्या भिंती खाली जाड आणि वर निमुळत्या असतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला ओळंबा लावून काही कळत नाही. आणि बाथरूमच्या फरशीला पाणसळ लावून 'लेव्हलला नाही' म्हणून मिस्त्रीला बोलू नका, तिथे जाळीकडे ढाळ हवाच.

राहतं घर कललंय असं वाटतंय?

इथे प्रश्न 'किती कललंय' हा नसून 'अजून कलतंय का' हा आहे. पन्नास वर्षांपूर्वी बांधतानाच इंचभर वाकडी झालेली भिंत अजून पन्नास वर्षं उभी राहू शकते. दर वर्षी दोन सूत सरकणारी भिंत मात्र काळजीची. काळ्या कापसाच्या मातीवर उथळ पाया असलेल्या घरांत हे नेहमी दिसतं, कारण ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया एकसारखा उचलत-सोडत राहते.

भिंतीच्या वर एक पक्का खिळा ठोका, कायमचा. त्याच खिळ्यावरून दोरी सोडून वजनाचं टोक फरशीवर जिथे येतं तिथे बारीक खूण करा, शेजारी तारीख लिहा. भिंत ते दोरीचं अंतर वर आणि खाली वहीत लिहून ठेवा. वर्षातून किमान दोनदा, एकदा मेअखेर आणि एकदा सप्टेंबरअखेर, तीच दोरी, तोच खिळा. जवळ तडा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने रेघ मारून अंतर मोजा. तिरका, पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा तडा आणि सरकणारी खूण दोन्ही एकत्र दिसली, किंवा एका पावसाळ्यातच खूण पाच मिलिमीटरहून जास्त हलली, तर रंगकाम करून झाकू नका. वही घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. तारखांसकट आकडे समोर ठेवले की तपासणी पाया, पाणी की छप्पर, कुठून सुरू करायची ते त्याला ठरवता येतं.